वाटेमागून वखार

"कंपन्या आपले सर्व्हर जेथे सोय असेल तेथे ठेवतात, यात कोणाचा पक्षपात नाही व कोणाचा इलाजही नाही," हे वाक्य अलीकडे आपल्याकडील शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्याची परीक्षा करण्याची गरजही कोणास वाटेनाशी झाली आहे. वाक्याचा पूर्वार्ध खरा आहे. सर्व्हर सोय पाहूनच ठेवले जातात. उत्तरार्ध मात्र आम्हांस मुळीच मान्य नाही. सोय ही पावसासारखी आभाळातून पडणारी वस्तू नव्हे. ती कोणी तरी, कोणत्या तरी काळी, कोणाच्या तरी पैशाने केलेली असते. आणि एकदा झाली की पुढच्या पिढ्यांच्या सोयीही ती आपल्याकडे ओढून घेते. हे जोवर आपण नीट ध्यानात घेत नाही, तोवर रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगडासारख्या गावास "तुमच्याकडे सोयी नाहीत" हेच उत्तर मिळत राहील, आणि ते उत्तर देणाऱ्यास आपण जणू निसर्गनियमच सांगत आहो असे वाटत राहील.

हा विषय यंत्रज्ञांचा, गृहस्थांच्या बैठकीत त्याचे काय काम, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु ज्या शेतकऱ्याने तलाठ्याच्या कचेरीत "आज सर्व्हर डाऊन आहे, उद्या या" हे शब्द ऐकले आहेत, त्यास ती येणार नाही. जमिनीचा सातबारा, रेशनच्या दुकानातील अंगठा, मुलांचे परीक्षेचे अर्ज, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, बँकेतील शिल्लक, ही सारी गेल्या वीस वर्षांत दप्तरांतून उठून कोठल्या तरी थंड राखलेल्या, अहोरात्र वीज खाणाऱ्या इमारतीतील यंत्रांत जाऊन बसली. त्या यंत्रांस सर्व्हर व त्या इमारतीस डेटा सेंटर म्हणतात. आम्ही तिला वखार म्हणू. व्यापाऱ्याने माल साठविण्यासाठी सोयीची जागा हेरून बांधलेले घर, हा त्या जुन्या शब्दाचा अर्थ या नव्या इमारतीस चांगला लागू पडतो.

वखार कोठे घालावी हा विचार आमच्या कोकणपट्टीस नवा नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी राजापुरास वखार घातली, ती तेथील हवा त्यांस मानवली म्हणून नव्हे. राजापूरची खाडी पुष्कळ आतपर्यंत गेलेली, आणि अणुस्कुऱ्याच्या घाटाने देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून तेथवर उतरणारा. पाण्याची वाट व डोंगराची वाट जेथे मिळाल्या तेथे वखार उभी राहिली. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरास साह्य केल्याबद्दल १६६१ साली शिवाजी महाराजांनी त्या वखारीचा कसा समाचार घेतला हे वाचकांस ठाऊकच आहे. पण वखार उठली तरी वाटा उठल्या नव्हत्या. म्हणून काही वर्षांनी इंग्रज पुन्हा तेथेच आले.

राजापूरच्या खाडीच्या उत्तरेस मुचकुंदी नदी समुद्रास मिळते. त्या मुखावरच्या टेकडीवर पूर्णगडाचा किल्ला आहे. किल्ला फार लहान. चौफेर फेरी मारण्यास अर्धा तास पुष्कळ झाला. पण असे लहान किल्ले शोभेसाठी बांधलेले नसतात. खाडीत कोण शिरते व खाडीतून काय बाहेर जाते यावर डोळा ठेवणे हे त्याचे काम. खाडीच्या वरच्या अंगास साटवलीची गढी आहे; मुखाशी किल्ला व आत गढी, यावरूनच या पाण्यावरून कधी काळी राखण करण्याजोगे काही ये-जा करीत होते हे उघड होते. पुढे वाट हलली. आज महामार्ग लांज्यावरून जातो, कोकण रेल्वे त्याच्याही पूर्वेकडून जाते, आणि पूर्णगडाच्या वाट्यास खाडीवरचा एक पूल व गावखडीकडे जाणारा किनाऱ्याचा रस्ता आला. खाड्या गाळाने भरल्या हे कारण नेहमी सांगण्यात येते. ते खोटे नाही; परंतु वाहतूक टिकली असती तर गाळ काढणारेही भेटले असते.

आता मुंबईकडे पाहा. चांगले बंदर म्हणून तेथे व्यापार आला. व्यापार होता म्हणून १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी तेथून निघाली. बंदर आणि आगगाडी होती म्हणून कापसाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. १८७० साली एडनमार्गे विलायतेस जोडणारी समुद्रतार मुंबईसच किनाऱ्याला लागली. गिरण्यांस वीज हवी म्हणून टाटांनी लोणावळ्याकडील पाणी अडवून १९१५ साली खोपोलीस वीज निर्माण केली. त्या विजेच्या व पाण्याच्या आधाराने ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यात १९६० नंतर रसायनांचे कारखाने आले. त्यांतील पुष्कळ कारखाने बंद पडले; पण त्यांच्यासाठी ओढलेल्या विजेच्या वाहिन्या, पाण्याचे नळ, रस्ते आणि औद्योगिक महामंडळाचे भूखंड जागच्या जागी राहिले. आज ऐरोली, रबाळे, महापे या भागांत रांगेने उभ्या असलेल्या वखारी त्याच भूखंडांवर आहेत. देशातील एकंदर डेटा सेंटरांच्या क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता आज मुंबई व नवी मुंबई यांत साठली आहे. अमेझॉनने २०१६ साली आणि गुगलने २०१७ साली हिंदुस्थानातील आपली पहिली मेघसेवा मुंबईतूनच सुरू केली. पैशाच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवावी असा हुकूम रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी काढला, तेव्हा तर या पट्ट्यात जागेस सोन्याचे मोल आले.

या साखळीतील एकही कडी निसर्गाने घडविलेली नाही. अपवाद म्हटला तर पहिल्या बंदराचा. आणि कोकणच्या किनाऱ्यावर बंदराजोग्या खाड्यांचा तुटवडा होता असे कोणीही म्हणणार नाही.

समुद्रतारांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. परदेशाशी चालणारा आपला जवळजवळ सारा संदेशव्यवहार आकाशातून नव्हे, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचेच्या तंतूंतून होतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२३ च्या शिफारशींत असे नमूद आहे की, त्या वेळी देशात सतरा आंतरराष्ट्रीय केबली चौदा स्थानकांत येत होत्या, आणि ती स्थानके मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरीन व त्रिवेंद्रम या पाचच नगरांत होती. मुंबईत येणाऱ्या केबलींपैकी बहुतेक वर्सोव्याच्या आसपासच्या चिमुकल्या पट्टीत वर येतात. मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांपैकी एकही वर येत नव्हती. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले: येथे वखारी नाहीत, मग केबल कोणासाठी आणावी? वखारवाल्यास विचारावे तर तो म्हणतो, येथे केबल नाही, मग वखार कशी घालावी? दोघेही खरे बोलतात. अशा वेळी दोघांपैकी एकास पहिले पाऊल टाकावयास लावणारा तिसरा कोणी तरी लागतो. आणि तो तिसरा म्हणजे शासन, हे मुंबईच्याच इतिहासावरून सिद्ध होत नाही काय?

परदेशांतील उदाहरणे या बाबतीत बोलकी आहेत. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांतातील अॅशबर्नच्या परिसरात जगातील सर्व्हरांचा सर्वांत मोठा मेळावा भरला आहे. १९९० नंतरच्या दशकात निरनिराळ्या जाळ्यांतील संदेशांची अदलाबदल करण्याचे ठाणे त्या भागात पडले. पुढे आलेला प्रत्येक जण आधी आलेल्यांच्या शेजारी बसला, एवढेच त्याचे रहस्य. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते फिनलंडमधील हामिना या लहान किनारी गावाचे उदाहरण. तेथील कागदाची गिरणी बंद पडली. गावाचे काय होणार अशी चिंता असताना २००९ साली गुगलने ती गिरणी विकत घेतली व २०११ पासून तेथे सर्व्हर चालविले. का? तर गिरणीसाठी समुद्राचे पाणी आत आणणारा जुना बोगदा तयार होता. त्याच थंड पाण्याने सर्व्हर थंड ठेवता आले. शिवाय वीज व भक्कम इमारत आयती मिळाली. गिरणी बुडाली, पण गिरणीची सोय बुडाली नाही. ज्या गावात कधी काळी कोणी काही बांधले होते, त्यालाच दुसरी संधी मिळाली. जेथे काहीच बांधले नाही तेथे बंद पडण्यासारखेही काही नसते, आणि पुन्हा उघडण्यासारखेही.

रत्नागिरी जिल्ह्यावर घेण्यात येणारे आक्षेप आता एकेक पाहू. पहिला आक्षेप अंतराचा. तो पोकळ आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईपासून पूर्णगडापर्यंत वळणेवाकणे धरून चारशे किलोमीटर तार मानली, तरी संदेश जाऊन परत येण्यास सेकंदाचे चार सहस्रांश पुरेत. शेअरबाजारातील ज्या दलालांस याहून लहान अंशाचीही घाई असते त्यांनी खुशाल बाजाराच्या भिंतीस खेटून बसावे. सातबाऱ्यास, रुग्णालयाच्या कागदांस किंवा विद्यापीठाच्या निकालांस एवढी घाई नाही. (निकाल लागण्यास जे महिने जातात त्यांत या चार सहस्रांशांचा वाटा किती, हे विद्यापीठांनीच सांगावे.)

दुसरा आक्षेप विजेचा, आणि येथे आम्हांस संताप आवरणे कठीण जाते. कोयनेच्या पाण्यावरची जनित्रे बव्हंशी चिपळूण तालुक्यात पोफळीच्या परिसरातील डोंगराच्या पोटात आहेत. जयगडास बाराशे मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प आहे. गुहागर तालुक्यात एन्रॉनने आरंभिलेला, २००१ साली बंद पडून पुढे सरकारी कंपनीच्या हाती आलेला, जवळजवळ दोन हजार मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. उभारलेली क्षमता पाहिली तर या एका जिल्ह्यात सुमारे पाच हजार मेगावॅट वीज निर्माण करण्याची सामग्री आहे. त्याउपर जैतापुरास ९,९०० मेगावॅटच्या अणुवीज प्रकल्पाची योजना कित्येक वर्षे कागदावर आहे. आणि अशा जिल्ह्यास सांगण्यात येते की, तुमच्याकडे वीज नाही! सांगणारा अगदीच खोटे बोलत नाही, हे यातील दुःख. वीज निर्माण होणे निराळे आणि ती भरवशाने हाती पडणे निराळे. वखारीस दोन स्वतंत्र उपकेंद्रांतून वीज लागते. एक वाहिनी तुटली तर दुसरी क्षणात उभी राहिली पाहिजे. मोठ्या वाहिन्या या जिल्ह्याच्या डोक्यावरून घाटमाथ्याकडे आणि मुंबईकडे निघून जातात. गावात उतरतात त्या लाकडाच्या ओंडक्यानेही तुटणाऱ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा दापोली व मंडणगडाकडील कित्येक गावे दिवसेंदिवस अंधारात होती आणि दूरध्वनीही मुके झाले होते. ज्या जिल्ह्याने वीज द्यावी त्यानेच कंदील लावून बसावे, हा न्याय कोणता?

तिसरा आक्षेप खारी हवा, अतिवृष्टी व वादळे यांचा. तो खरा आहे. खाऱ्या हवेने यंत्रे गंजतात आणि कोकणचा पाऊस कोणाचा मुलाहिजा ठेवीत नाही. पण ऐरोली ही ठाण्याच्या खाडीच्या काठीच आहे. आणि २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मुंबईत सांताक्रूझलाच पडला होता. तेव्हा जो दोष मुंबईत उपायाने दूर होतो तो रत्नागिरीतच असाध्य कसा ठरतो, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे.

वस्तुतः "सोयी नाहीत" हे कारण किती मनापासून दिले जाते याची कसोटी पूर्णगडाच्या दक्षिणेस, राजापूर तालुक्यातच झाली आहे. नाणारला तेलशुद्धीकरणाचा अवाढव्य प्रकल्प आणावयाचे ठरले तेव्हा तेथे बंदर नव्हते, रुंद रस्ते नव्हते, पुरेसे पाणी नव्हते. त्या वेळी कोणीही "सोयी नाहीत" म्हणून हात झटकले नाहीत. सारे काही आणून देऊ, असे सांगण्यात आले. लोकांनी विरोध केला आणि २०१९ साली भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. पुढे बारसूचे नाव निघाले. त्या वादात कोण बरोबर होते हा येथे प्रश्न नाही. प्रश्न इतकाच की, धूर आणि तेल यांच्यासाठी ज्या सोयी आणता येतात त्या विजेच्या तारेसाठी व काचेच्या तंतूसाठी का आणता येत नाहीत? शेजारी ठेवावयास कोणी तयार नाही ते कोकणास देऊ केले जाते, आणि जे कोणाच्याही शेजारी चालेल ते मात्र ठाणे खाडीच्या काठी सोयीचे ठरते!

मनात आणले तर काय होते हे पूर्व किनाऱ्यावर दिसत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत सुमारे पंधरा अब्ज डॉलर गुंतवून प्रचंड वखारी उभारण्याचे जाहीर केले, आणि त्याबरोबरच नव्या समुद्रकेबली तेथे किनाऱ्यास लावण्याचेही. नियामकांच्या २०२३ च्या यादीतील पाच नगरांत त्या नगराचे नाव नव्हते. आंध्रच्या सरकारने कंपनीस दिलेल्या सवलती फार उदार आहेत अशी टीका होते, आणि तीत तथ्य असेल. शिवाय तेथे पोलादाचा कारखाना, मोठे बंदर व नौदलाचा तळ आधीच होते, हेही आम्ही विसरत नाही. परंतु केबल आधी की वखार आधी हे कोडे तेथे दोन्ही एकदम आणून सोडविण्यात आले. आपल्या राज्याच्या २०२३ च्या धोरणात डेटा सेंटरांस विजेच्या शुल्काच्या व मुद्रांक शुल्काच्या सवलती आहेत. त्यांचा मोठा वाटा साहजिकच जेथे वखारी आधीच येत होत्या तेथे जातो. पाटाचे पाणी ज्याच्या शेतात आपोआप शिरते त्याच्याच शेतात आणखी एक मोट सोडण्याचा हा प्रकार होय.

यात तोटा केवळ कोकणचा असता तर आम्ही इतके लिहिले नसते. कोकणास उपेक्षेची सवय आहे; चाकरमानी मुंबईस धाडावा आणि मनीऑर्डरीची वाट पाहावी हे तेथे कित्येक पिढ्या चालले. पण सारे दप्तर एका खोलीत ठेवणे ही गोष्ट दप्तराच्या धन्यासही घातक असते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास आग लागली तेव्हा किती कागद गेले हे महाराष्ट्र विसरलेला नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा बाजूच्या वाहिन्यांत बिघाड झाला आणि मुंबई महानगर कित्येक तास ठप्प झाले. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्रकेबली तुटल्या आणि आपल्या देशाचा परदेशाशी व्यवहार निम्म्यावर आल्यासारखा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात पुन्हा तोच प्रकार घडला. समुद्र दूर आहे तेथेच तारा तुटतात असे नव्हे. वर्सोव्यासमोर मासेमारीही चालते आणि जहाजांचे नांगरही पडतात. एखाद्या दिवशी तो चिमुकला पट्टा निकामी झाला तर पूर्णगडाच्या रेशन दुकानापासून मुंबईच्या शेअरबाजारापर्यंत कोणाचा धंदा चालेल याचा हिशेब ज्यांनी करावयाचा तेच सोयीचे गोडवे गात बसले आहेत.

तथापि कोकणच्या कैवाऱ्यांसही आम्हांस दोन शब्द सुनावले पाहिजेत. "आमच्या तालुक्यात डेटा सेंटर आणा, हजारो तरुणांस नोकऱ्या लागतील" अशी भाषणे निवडणुकीच्या हंगामात ऐकू येतात. ती करणाऱ्याने एकदा महाप्यास जाऊन अशा वखारीच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. इमारत कारखान्याएवढी असते, पण पाळी बदलताना बाहेर पडणारी माणसे हाताच्या बोटांवर नसली तरी एका एस.टी.त मावतील इतकी. ती वीज खाते, पुष्कळदा पाणी पिते, आणि माणसे फारशी पोसत नाही. तेव्हा वखारीची भीक मागणे शहाणपणाचे नाही. गावखडीच्या वाळूत कासवे अंडी घालतात. तो किनारा एखाद्या कंपनीच्या कुंपणासाठी सोडून द्यावा असे आम्ही कदापि म्हणणार नाही. मागावयाची ती वाट. तार किनाऱ्यास लागली, घाट चढून कोल्हापुराकडे गेली, वीज भरवशाची झाली, की तिचा उपयोग वखारीआधी शाळेस, दवाखान्यास, मच्छीमारांच्या सोसायटीस आणि घरी बसून पुण्याचे काम करणाऱ्या मुलामुलींस होतो. वखार आली तर आली.

आमच्या मागण्या म्हणूनच मोजक्या आहेत. मुंबई व गोवा यांच्या मधल्या किनाऱ्यावर, मच्छीमारांशी बोलून व कासवांची जागा सोडून, एक तरी समुद्रकेबल वर आणण्याचे ठिकाण शासनाने मुक्रर करावे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण सुरू झाली आणि तिच्या रुळांच्या कडेने प्रकाशतंतूची तारही गेली आहे. तिला आंबा घाटातून देशाशी जोडणारी दुसरी वाट पक्की करावी, म्हणजे एक वाट दरडीखाली गेली तरी दुसरी चालू राहील. किनाऱ्यावरच्या गावांतील वीजवाहिन्या जमिनीखालून न्याव्यात. आणि शासनाने खाजगी कंपन्यांची मनधरणी करण्यापूर्वी स्वतःच्या दप्तराची एक प्रत रत्नागिरीस ठेवावी. सातबारा शासनाचा, सर्व्हर शासनाचे. त्यांच्या जागेसाठी कोणत्याही बाजारभावाची वाट पाहण्याचे कारण नाही. पहिला गिऱ्हाईक शासनच झाले की केबलवाल्याचे "कोणासाठी आणू" हे विचारणे आपोआप थांबते.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. रत्नागिरी स्थानकापासून पूर्णगड पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे. नाणारच्या प्रकल्पासाठी तीन लाख कोटी रुपयांचा आकडा वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून मिरवीत होता. रुळांपासून किनाऱ्यापर्यंत तार व वीज नेण्यास त्यातील कितवा अंश लागेल, याचे अंदाजपत्रक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावे.